स्वतःच मारलेला हॉलमार्क

सदर बाजारातल्या एखाद्या सराफाला विचारून पाहा, दागिन्यावर शुद्धतेचा शिक्का तुम्ही स्वतःच मारता का? तो तुम्हाला वेड्यात काढील. शिक्का मारायचा अधिकार त्याला नाहीच. नोंदणी केलेला सराफ आपला माल तपासणी केंद्राकडे पाठवतो. तिथे कस लागतो, आणि माल उतरला तर लेझरने तीन खुणा उमटतात: मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा, आणि अक्षरे-अंक मिळून सहा स्थळांचा एक क्रमांक. बावीस कॅरेट असेल तर 916. तो क्रमांक गिऱ्हाइकाला फोनवर पडताळून पाहता येतो. 1 एप्रिल 2023पासून हा सहा स्थळांचा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी आली. ज्या सराफांनी जुना साठा आधीच जाहीर केला होता त्यांना काय ती तीन महिन्यांची मुदत मिळाली.

त्याच महिन्यात, 20 एप्रिलला, ट्विटरने लोकांच्या नावापुढच्या जुन्या निळ्या खुणा काढून घेतल्या. त्यानंतर ती खूण बहुतेकांसाठी पैसे भरून घ्यायची वस्तू झाली. जूनमध्ये मेटाने फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी तोच माल भारतात महिना 699 रुपयांना विकायला काढला. जुनी खूणही काही गुणवत्तेची नव्हती, हे मान्य. माणूस सांगतो तोच आहे, एवढेच ती सांगे. पण निदान ती गल्ल्यावर मिळत नव्हती.

एकाच वर्षी सोन्याचा शिक्का कडक झाला आणि माणसाचा शिक्का विकाऊ झाला, याचे कुणाला फारसे काही वाटले नाही. मला वाटते. कारण ‘स्वतःचा ब्रँड उभा करा’ हा जो उपदेश आता शाळकरी मुलांपासून निवृत्त प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना केला जातो, तो म्हणजे स्वतःच्या दागिन्यावर स्वतःच हॉलमार्क मारायचे आमंत्रण आहे. सराफ्यात याला लबाडी म्हणतात. साहित्यात मात्र याच्या कार्यशाळा भरतात.

उपदेश नवा नाही. ऑगस्ट 1997मध्ये टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन-गुरूने ‘फास्ट कंपनी’ मासिकात ‘द ब्रँड कॉल्ड यू’ नावाचा लेख लिहिला, आणि तुम्ही स्वतःच एक ब्रँड आहात, स्वतःच्या कंपनीचे प्रमुख आहात, ही कल्पना तिथून जगभर पसरली. तेव्हा ना फेसबुक होते ना इन्स्टाग्राम. ज्यांची नोकरी कधीही जाऊ शकते अशा अमेरिकी पगारदारांना दिलेला तो धीर होता: कंपनी तुम्हाला सांभाळणार नाही, तर तुम्हीच स्वतःला विकायला शिका. पंचवीस-सव्वीस वर्षांनी तो धीर आमच्यापर्यंत पोचला तो हुकूम होऊन. शब्दाचे मूळही लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुरे कुणाच्या मालकीची ते कळावे म्हणून तापलेल्या लोखंडाने त्यांना डागायचे, त्या डागाला इंग्रजीत ब्रँड म्हणत. डाग गाईच्या अंगावर असे, गाय मात्र दुसऱ्याची. हा तपशील पुढे लागणार आहे.

मराठीत ‘नाव’ या शब्दाभोवती जेवढी क्रियापदे जमली आहेत ती एकदा तपासून पाहावीत. पोर नाव काढते, नाव राखते, नाव घालवते. लोक नावे ठेवतात. गाणारा नावाजतो, म्हणजे लोक त्याला नावाजतात. चांगले काम केले तर वडीलधारे म्हणतात, नाव काढलंस. यातले कोणतेही काम ज्याचे नाव आहे त्याला एकट्याने करता येत नाही. ‘मी नाव काढले’ असे स्वतःबद्दल बोलणारा माणूस मराठीत हास्यास्पदच ठरतो. लग्नात बायका उखाण्यात नाव घेतात तेही दुसऱ्याचे. पेढीच्या पाटीवर पुष्कळदा आजोबा आणि वडील यांची नावे असतात. गल्ल्यावर बसलेल्या नातवाचे नाव गिऱ्हाइकाला ठाऊकही नसते, आणि त्याने धंदा अडत नाही. नाव हे दुसऱ्यांकडे ठेवलेले असते. बाजारात त्याला पत म्हणतात, आमच्या इकडच्या हिंदीत साख.

कुणी म्हणेल, मग संतांच्या अभंगातली नाममुद्रा काय होती? शेवटच्या चरणात स्वतःचे नाव घालणे हे ब्रँडिंगच नाही का? हा प्रश्न मला एका हुशार मुलीने विचारला होता, आणि तो टाळण्यासारखा नाही. पण मुद्रांकडे नीट पाहा. एकनाथ स्वतःचे नाव एकटे ठेवत नाहीत, ‘एका’ला गुरूच्या नावाशी, जनार्दनाशी बांधून टाकतात. नामदेवांच्या नावावरच्या गाथेत अनेक नाम्यांची रचना मिसळलेली आहे; पुढच्या शतकांतल्या माणसांनी त्याच नावाने लिहिले, आणि कोणती ओळ कुणाची हे ठरवताना संशोधकांची दमछाक होते. आजच्या भाषेत याला बनावट खाते म्हणतील. त्या परंपरेत ती भक्ती होती. मुद्रा ही जागा होती, तिच्यात दुसऱ्यालाही शिरता येत होते.

मी रायपूरचा. त्यामुळे ही गोष्ट मला सदर बाजारातूनच दिसते, आणि तिथेही झगमगत्या शोरूमपेक्षा मागच्या बाजूच्या भट्ट्यांतून. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातून आणि शेजारच्या माण-खटावमधून माणसे पिढ्यान् पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत गेली. काम गलाईचे. जुने सोने, मोडीचे दागिने, सोनारकामाच्या झाडलोटीतला कण अन् कण आटवून शुद्ध करायचा. भारतातल्या बऱ्याच मोठ्या सराफ्यांत एखाद्या जिन्याखाली किंवा बोळात एक मराठी माणूस मूस आणि चिमटा घेऊन बसलेला सापडतो. आमच्याकडेही आहेत. रायपूरच्या मराठी मंडळींत त्यांची गणना क्वचितच होते. आमच्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या पहिल्या रांगेत मी त्यांना पाहिलेले नाही.

त्यांचे काम थोडे तपशिलाने सांगतो. भेसळीचे सोने मुशीत टाकणखार घालून वितळवतात. त्यात मुद्दाम चांदी मिसळतात, साधारण सोन्याच्या तिप्पट. हे ऐकून नवखा दचकतो. शुद्ध करायचे, तर आणखी भेसळ कशाला? पण सोने जास्त असले तर तेजाब आत शिरत नाही. चांदी वाढवली की नायट्रिक आम्ल धातूच्या पोटापर्यंत पोचते, चांदी-तांबे विरघळवून बाहेर काढते, आणि तळाशी सोने उरते. ते दिसते कसे? तपकिरी चुरा. ओल्या मातीसारखा. चमक नाही, काही नाही. धुऊन पुन्हा वितळवले की मगच पिवळे होते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही, तांब्याच्या पट्ट्या टाकून ती परत मिळवतात. दिवसभर तेजाबाचा धूर छातीत जातो. या धंद्यातल्या म्हाताऱ्यांचा खोकला लांबून ओळखू येतो.

या माणसाकडे सराफ लाखोंचे सोने ठेवून जातो ते कशाच्या भरवशावर? पाटी नाही, जाहिरात नाही, बऱ्याचदा भिंतीवर त्याचे नावही नाही. कधी चिठ्ठी असते, कधी तीही नाही. भरवसा याचा की काल दिलेले टंच आज जुळले, आणि गेली वीस वर्षे जुळत आले. एकदा जरी गडबड झाली तर ती बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते, आणि गावाकडेही पोचते, कारण त्याला इथे आणणारा त्याचा मामा किंवा चुलता असतो. इथे नाव आहे, आणि ते अतिशय कडक आहे. फक्त ते त्याच्या ताब्यात नाही.

आता हा माणूस उद्या रील करू लागला तर? मुळीच हरकत नाही. वितळलेले सोने पडद्यावर फार सुंदर दिसते, लाखो लोक पाहतील. पण तो तपकिरी चुऱ्याचा भाग कापून टाकील, कारण तिथे पाहणारा अंगठा सरकवतो. काही दिवसांनी वितळवणे हे शुद्ध करण्यासाठी आहे की दाखवण्यासाठी, हे त्याचे त्यालाच कळेनासे होईल. लेखकांचे नेमके हेच होऊ लागले आहे.

माझा राग लेखकांवर नाही, त्यांना या कामाला लावणाऱ्यांवर आहे. एका प्रकाशनसंस्थेला मी हस्तलिखित पाठवले तेव्हा उत्तरादाखल एक फॉर्म आला. पुस्तकाविषयी लिहायला दोन ओळींची जागा होती. मग सुरू झाली ‘लेखकाची डिजिटल उपस्थिती’: कोणत्या माध्यमावर किती अनुयायी, आठवड्यातून किती वेळा पोस्ट, कोणत्या विषयाशी तुमचे नाव जोडले गेले आहे. याच शहरात एका कार्यशाळेत एक प्रशिक्षक तरुण कवींना सांगत होते: एक विषय धरा, एक भाषा धरा, एक रंगसंगती धरा, रोज हजेरी लावा, आणि काहीही झाले तरी सूर बदलू नका, नाहीतर यंत्रणा गोंधळते. ‘यंत्रणा गोंधळते’ हे शब्द त्यांचेच. समोर बसलेल्या पोरांपैकी निम्मी घरी मराठी, बाजारात हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलणारी. त्यांनी वह्यांत लिहून घेतले: एक भाषा.

इथे माझे खरे भांडण आहे. या नियतकालिकाचे वाचक अनेक भाषांत वावरतात, म्हणून ते इथे मांडतो. ब्रँडला माणूस एकच हवा असतो. कालचा आणि आजचा सारखा, घरातला आणि बाजारातला सारखा. साबणाच्या वडीकडून ही अपेक्षा रास्त आहे. रायपूरच्या मराठी माणसाकडून ती करणे म्हणजे त्याचे दोन तृतीयांश कापून टाकणे. मराठीत पोस्ट टाकली की हिंदीवाले सरकतात, छत्तीसगढीत टाकली की पुण्याचे नातेवाईक विचारतात हे काय, आणि तिन्हींत टाकली की आकडे पडतात. म्हणून पोरे हिशेब करतात आणि बहुतेक वेळा मराठी सोडतात. त्यांना दोष कसा द्यावा? आकडाच तसे सांगतो. भाषा मरण्याची कारणे आपण परिसंवादांत शोधत बसतो. हे एक कारण तर आलेखासकट रोज त्यांच्या खिशात असते.

या शहरात दुसरी तऱ्हा होऊन गेली आहे. माधवराव सप्रे, जन्म 1871, घरची भाषा मराठी. जानेवारी 1900मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. बरोबर रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे. तिन्ही आडनावे मराठी, मासिक हिंदी. ते तोट्यात चालले आणि 1902च्या अखेरीस बंद पडले. त्याच मासिकात 1901मध्ये सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. हिंदीतली पहिली कथा कोणती या वादात तिचे नाव आजही निघते. पुढे 1907मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’. 1908मध्ये राजद्रोहाखाली अटक. आणि मग घरच्यांच्या दडपणाखाली माफीनामा लिहून सुटका.

ब्रँडच्या हिशेबाने हा माणूस तिथेच संपला. आज असे झाले असते तर दोन तासांत खुलाशाची चित्रफीत आली असती, डोळ्यांत पाणी, खाली आभार, आठवड्याने ‘पुनरागमन’. सप्रे गप्प बसले. सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, रामदासी पंथाच्या सहवासात राहिले, माधुकरी मागितली. त्या काळातून ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद आला, आणि पुढे टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा. म्हणजे दुसऱ्यांची पुस्तके, तिसऱ्यांच्या भाषेत. रायपुरात त्यांनी मुलींची शाळा काढली. 1926मध्ये इथेच गेले. संपादक, कथाकार, कैदी, माफी मागणारा, भिक्षेकरी, अनुवादक: यातली कोणती ओळख ‘धरून’ ठेवायला त्यांना सांगायचे होते? आज सप्रे आणि लाखे ही नावे या शहरात शाळांना आहेत, आणि ती ज्यांनी दिली त्यांच्या डोळ्यांपुढे या माणसांची रंगसंगती नव्हती.

आता दुसरी बाजू. ती कच्ची नाही, म्हणून सविस्तर घेतो. रायपूर जिल्ह्यातच तिल्दा-नेवऱ्याजवळ तुलसी नावाचे गाव आहे. यूट्यूबवाल्यांचे गाव म्हणून त्याची कीर्ती परदेशी बातम्यांतही गेली. साधारण चार हजार वस्तीपैकी हजारेक माणसे या ना त्या रीतीने या कामात आहेत, असे त्या बातम्या सांगतात. दोन मित्रांनी नोकऱ्या सोडून सुरुवात केली, आता आजीबाईसुद्धा कॅमेऱ्यापुढे येतात, आणि प्रशासनाने 2023मध्ये तिथे ‘हमर फ्लिक्स’ नावाचा स्टुडिओ उभारून दिला. सगळे छत्तीसगढीत. ज्या भाषेला हिंदीवाल्यांनी बोली म्हणून बाहेर उभे केले, तिच्यात लोक हसवतात, नाटके करतात, पैसे मिळवतात. मला हे गाव आवडते. संपादकांच्या आणि जातीच्या दारवानांनी ज्यांना शतकभर आत सोडले नाही, त्यांना या माध्यमाने दार उघडून दिले, हेही खरेच. साहित्याची जुनी पंगत फार स्वच्छ होती असा दावा मी करणार नाही. तिथेही वशिल्याचे हॉलमार्क चालत.

पण तुलसीत जे घडते ते मुख्यतः मिळून केलेले नाटक आहे. एक लिहितो, दुसरा कॅमेरा धरतो, शेजारीण सासू होते. तिथे आवाज आहे, खेळ आहे, धंदाही आहे. या सगळ्याला ‘ब्रँड’ हे नाव दिल्याने नेमके काय वाढते, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही. काय कमी होते ते दिसते. खेळ संपल्यावर सोंग उतरवून घरी जायची मुभा कमी होते.

रायपूरचेच विनोदकुमार शुक्ल यांचे उदाहरण माझ्याविरुद्ध दिले जाते, तेही घेऊ. 2022मध्ये लेखक-अभिनेते मानव कौल यांनी त्यांना भेटून त्यांच्या तुटपुंज्या मानधनाविषयी इन्स्टाग्रामवर लिहिले आणि गदारोळ झाला. पुढे ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीच्या नव्या आवृत्तीने विक्रीचे उच्चांक केले, त्यात तरुण वाचकांच्या रील्सचा मोठा वाटा होता, आणि 2025मध्ये प्रकाशकाने रायपुरात त्यांना तीस लाख रुपयांच्या मानधनाचा धनादेश दिला. पाहा, सोशल मीडियाने केले! केलेच. पण कुणी केले ते पाहा. वाचकांनी केले. शुक्लांनी स्वतःची जाहिरात मांडली नव्हती. त्यांनी 1997च्या सुमारास एक कादंबरी लिहिली होती, आणि ती वीस-पंचवीस वर्षे तळाशी पडून होती. दुसऱ्याने नाव घेतले. हे पुन्हा तेच जुने मराठी व्याकरण झाले, फक्त फोनवर. ज्या संस्था आता नवोदितांना ‘शुक्लांसारखे व्हायरल व्हा’ म्हणतात, त्यांनी त्यांच्या उदाहरणातली कादंबरी तेवढी गाळली आहे.

आणि तो गाईचा डाग. 29 जून 2020च्या संध्याकाळी सरकारने 59 ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. देशात त्याचे वापरणारे कोट्यवधी होते. खानदेशातली, विदर्भातली, इथल्या बस्तर-बिलासपुरातली कितीतरी पोरे त्या संध्याकाळपर्यंत प्रसिद्ध होती. सकाळी नव्हती. दहाएक दिवसांत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली, आणि ज्यांच्याकडे चांगला फोन, चांगले इंग्रजी आणि चांगला प्रकाश होता ते तिकडे सहज उठून बसले. बाकीच्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात. बंदी बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे. मुद्दा एवढाच की तुमचा म्हणवला जाणारा ब्रँड दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलेला असतो. गोठ्याला कुलूप लागले की गाय कुणाची हा प्रश्नच उरत नाही. सदर बाजारातल्या गलाईवाल्याला उद्या गाळा सोडावा लागला तर तो पलीकडच्या बोळात बसेल आणि सराफ त्याला शोधत येईल.

फोन फेकून द्या असे मी म्हणत नाही. मी स्वतः या लेखाची खबर मित्रांना फोनवरूनच देणार. सोनार व्हॉट्सॲपवर नवे नमुने पाठवतो, त्यात काय वावगे? पुस्तक आले हे सांगणे म्हणजे पाटी लावणे, आणि पाटी लावावीच. माझी तक्रार वेगळी आहे. लेखकाला सांगितले जाते की पाटी हाच माल आहे, आणि तिच्यावर नाव तुझे असले तरी रंग, आकार, भाषा आम्ही ठरवू. प्रकाशकांनी जाहिरातीचे जे काम आणि जो खर्च करायचा, तो फुकटात लेखकाच्या गळ्यात घालून त्याला ‘सक्षमीकरण’ म्हणायचे, हीही त्यातली एक हुशारी. सराफ कारागिराला असे म्हणाला की दागिना तूच घडव, गिऱ्हाईकही तूच आण आणि कमिशन मला दे, तर कारागीर हातोडी खाली ठेवील.

म्हणून माझ्या मागण्या अगदी छोट्या आहेत. प्रकाशकांनी अनुयायांची संख्या विचारणारा रकाना फॉर्ममधून काढावा, आणि जोवर तो काढत नाहीत तोवर लेखकांनी तो कोरा पाठवावा. मी कोरा पाठवला, हस्तलिखित अजून परत आलेले नाही आणि होकारही आलेला नाही. साहित्यसंस्थांनी कार्यशाळा घ्यायच्याच असतील तर करारनामा कसा वाचावा याच्या घ्याव्यात, तिथे लेखक रोज नागवला जातो. आणि या नियतकालिकाच्या संपादकांना विनंती: लेखकपरिचयात अलीकडे खात्यांचे पत्ते छापले जाऊ लागले आहेत, त्याऐवजी लेखक कोणकोणत्या भाषांत वाचतो ते छापा. माझ्या नावाखाली मराठी, हिंदी, छत्तीसगढी एवढे पुरे. जागा उरली तर रायपूर.